नागपूरच्या कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात रोज तीन तऱ्हेची माणसं येतात. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक, वावरातलं वाळकं झाड पिशवीत घालून आलेले शेतकरी, आणि एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करून इथेच शिकवायची इच्छा धरलेली मुलंमुली. तिघांचे प्रश्न वेगळे, पण अडचण एकच असते. कोणाला भेटायचं, कधी भेटायचं आणि जाताना हातात काय घेऊन जायचं, हे कोणी नीट सांगत नाही. ते इथे सांगितलं आहे.

हे महाविद्यालय नागपूर विद्यापीठाचं आहे ना?

नाही. हा गैरसमज नागपुरात राहणाऱ्यांचाही असतो. १९०६ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं आहे. ते विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला स्थापन झालं आणि विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी इथल्या प्रवेशाचा, परीक्षेचा, नेमणुकीचा संबंध नाही. गुणपत्रिकेतली चूक, पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र यांसाठी आधी महाविद्यालयाच्या कार्यालयातून अर्ज पुढे पाठवायचा असतो आणि काम अकोल्याला कुलसचिव कार्यालयात होतं. थेट अकोला गाठलं, तर बहुतेक वेळा महाविद्यालयाचं पत्र आणायला परत यावं लागतं.

नागपुरात शेतीशी संबंधित संस्था बऱ्याच आहेत आणि लोक एकीचं काम घेऊन दुसरीच्या दारात उभे राहतात. वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या केंद्राच्या संस्था, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या. गाईम्हशींचं काम असेल तर माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे. अनुदान, पीक विमा, पंचनामा ही कामं राज्याच्या कृषी विभागाची. त्यासाठी कृषी सहायक (२०२५ पासून पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) आणि तालुका कृषी अधिकारी. प्राध्यापकाला अनुदान मंजूर करण्याचा अधिकार नसतो, तेव्हा त्यांना त्यासाठी साकडं घालून उपयोग नाही.

प्राध्यापकांच्या पायऱ्या कोणत्या? आणि "सहयोगी अधिष्ठाता" म्हणजे कोण?

सहायक प्राध्यापक, त्यावर सहयोगी प्राध्यापक, त्यावर प्राध्यापक. विभागाचा कारभार पाहणारे ते विभाग प्रमुख. सहयोगी अधिष्ठाता म्हणजे महाविद्यालयाचे प्रमुख, साध्या भाषेत प्राचार्य. विद्यापीठाच्या पातळीवर शिक्षण, संशोधन आणि विस्तार (संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं) अशा तीन बाजू असतात आणि तिन्हींचे संचालक वेगळे.

कृषी विद्यापीठाची एक गोष्ट इतर विद्यापीठांपेक्षा वेगळी आहे. इथे दारावरची पाटी बघून हुद्दा कळत नाही. एका दारावर "सहायक प्राध्यापक" लिहिलेलं असतं, शेजारच्या दारावर "पैदासकार" (नवे वाण तयार करणारा) किंवा "कृषिविद्यावेत्ता" (पीक लागवडीचा तज्ज्ञ), आणि कृषी विज्ञान केंद्रात "विषय विशेषज्ञ". या पदांच्या श्रेणी ठरलेल्या असतात आणि शिक्षण, संशोधन, विस्तार अशी बदली होत राहते. आज वर्गावर असलेले सर पुढच्या वर्षी काटोलच्या फळ संशोधन केंद्रावर किंवा सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रावर असू शकतात. एम.एस्सी.च्या मुलांनी ही बाब ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येतो.

वरिष्ठ संशोधन सहायक वर्ग घेतात, प्रॅक्टिकल घेतात. ते प्राध्यापक नाहीत का?

हुद्द्याने नाहीत. पण त्यांना कमी लेखू नका. प्रयोगाचा प्लॉट पेरण्यापासून मळणीपर्यंत रोज डोळ्यासमोर ठेवणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो. वाणाची ओळख, खुरपणीची वेळ, मजुरांचं नियोजन, गोदामातली जुनी नोंदवही, हे सगळं त्यांच्याकडे मिळतं. गाईड, म्हणजे संशोधनाचे मार्गदर्शक प्राध्यापक, नसताना प्लॉटवर काही अडलं तर पहिली हाक त्यांनाच मारावी.

जून-जुलैत सर जागेवर सापडत नाहीत. का?

कारण ते प्लॉटवर असतात. पेरणीयोग्य पाऊस झाला आणि वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल राहिली, की सगळ्या प्रयोगांची पेरणी त्याच चार-सहा दिवसांत उरकावी लागते. एका प्रयोगातल्या सगळ्या वाफ्यांची पेरणी शक्यतो एकाच दिवशी व्हायला हवी. अर्धे वाफे आज आणि अर्धे चार दिवसांनी पेरले, तर उत्पन्नातला फरक खताचा की तारखेचा, हे कोणालाच सांगता येत नाही आणि वर्ष वाया जातं. जवसासारख्या रब्बी पिकांसाठी तीच धावपळ ऑक्टोबरमध्ये असते. नागपूर हे जवसाच्या अखिल भारतीय समन्वित संशोधनाचं जुनं केंद्र आहे. एनएल या अक्षरांनी सुरू होणारे जवसाचे वाण इथलेच.

भेटायचं तर सकाळचा तास सुरू होण्याआधी किंवा दुपारी जेवणानंतर. काम कोणत्या विभागाचं आहे ते फोनवर सांगून वेळ ठरवलेली बरी. परीक्षेच्या आठवड्यात आणि संशोधन आढावा बैठकांच्या काळात भेट मिळणं कठीण.

मी शेतकरी आहे. ओळख नसताना थेट जाऊन प्राध्यापकांना भेटता येतं का?

येतं, आणि जावं. विस्तार हा कृषी विद्यापीठाच्या कामाचा तिसरा भाग आहे, उपकार नाही. फक्त विभाग बरोबर निवडा. पान कुरतडलेलं, खोड पोखरलेलं, बोंड किडलेलं असेल तर कृषी कीटकशास्त्र. ठिपके, कूज, मर, डिंक्या (खोडातून डिंक गळणं) असेल तर वनस्पती रोगशास्त्र. पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील, वाढ खुंटली असेल, तर मृद विज्ञान व कृषी रसायनशास्त्र. संत्रा-मोसंबीचा ताण, बहार, छाटणी यांसाठी उद्यानविद्या. पेरणीचं अंतर, तणनाशक, आंतरपीक यांसाठी कृषिविद्या. दोन विभागांमध्ये शंका असेल तर विस्तार शिक्षण विभागात जा, ते योग्य टेबलापर्यंत पोचवतात.

जाताना कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: पीक व वाण, पेरणीची तारीख किंवा झाडाचं वय, जमीन कशी आहे (भारी काळी, मध्यम, भरड, चुनखडीची), आतापर्यंत दिलेली खतं, आणि गेल्या महिन्याभरात फवारलेली औषधं तारखेसह. औषधाचं नाव आठवत नसेल तर रिकाम्या डब्याच्या लेबलचा फोटो काढून न्या. "दुकानदाराने दिलं ते मारलं" एवढ्यावर कोणीही नीट सल्ला देऊ शकत नाही.

माती तपासायची आहे. नमुना कसा घ्यायचा?

अहवाल चुकतो तो बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नव्हे, वावरात चुकतो.

रंग, उतार, खोली सारखी असलेल्या जमिनीचा एक नमुना. वरचं वावर भरड आणि खालचं काळं असेल तर दोन वेगळे नमुने. एकरभरात नागमोडी चालत आठ ते दहा जागा निवडा. धुऱ्याजवळची (बांधाजवळची), झाडाखालची, शेणखताच्या ढिगाची, जनावरं बसायची आणि पाणी साचणारी जागा सोडा. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० ते २२ सेंटीमीटर खोल खड्डा करा, आतली माती काढून टाका आणि खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत साधारण दोन बोटं जाडीची चकती कापून घ्या. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील, म्हणजे लोह, जस्त वगैरे, तर लोखंडी खुरपं लावू नका. शेवटची चकती लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा.

सगळ्या जागांची माती स्वच्छ गोणपाटावर एकत्र करून ढेकळं फोडा. गोल पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. ओली असेल तर सावलीत सुकवा, उन्हात नाही. कापडी पिशवीत भरा आणि आत-बाहेर दोन चिठ्ठ्या ठेवा: नाव, गाव, गट क्रमांक, तारीख, आधीचं पीक, पुढचं पीक. युरियाच्या किंवा डीएपीच्या रिकाम्या गोणीत माती मिसळली, की नत्र-स्फुरदाचे आकडे फुगतात. खत दिल्यावर दोन-तीन महिने नमुना घेऊ नये, तेही याच कारणाने. सगळ्यात चांगला काळ म्हणजे रब्बी निघाल्यावर, मार्च ते मे.

संत्र्याच्या बगिच्यासाठी, किंवा नवी लागवड करायची असेल तर, वरची २२ सेंटीमीटर माती पुरत नाही. ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटीमीटर असे तीन थर वेगळे आणा. विदर्भात अनेक जागी वरची माती छान काळी आणि दोन फुटांखाली चुनखडी किंवा मुरूम लागतो. झाड पाच-सहा वर्षं उत्तम वाढतं, मुळं चुन्यात गेली की पिवळं पडायला लागतं. लागवडीआधीचा हा एक खड्डा पुढची वीस वर्षं वाचवतो. पाण्याचा नमुना द्यायचा तर मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून, त्याच पाण्याने बाटली विसळून, अर्धा लिटर भरा. तपासणीचं शुल्क आणि अहवालाचा दिवस नमुना देतानाच विचारून घ्या.

रोगट झाडाचा नमुना नेला, तरी "हा नमुना चालत नाही" म्हणून परत पाठवलं. असं का?

बहुतेक लोक पूर्ण वाळलेलं झाड आणतात. मेलेल्या झाडावर मूळ रोगाची बुरशी हरवते आणि कुजकी बुरशी माजते. आजार नुकता सुरू झालेला, अर्धं हिरवं अर्धं बिघडलेलं झाड हवं. सोबत तुलनेसाठी एक निरोगी.

सोयाबीन किंवा पऱ्हाटी (कपाशीचं झाड) मुळासकट, मातीच्या गोळ्यासह खणून आणा, उपटू नका. उपटताना बारीक मुळं वावरातच तुटतात आणि मूळकूज तिथेच दिसते. पानांचा नमुना वर्तमानपत्रात घडी घालून. प्लास्टिकच्या पिशवीत पान दोन तासांत घामेजतं आणि संध्याकाळपर्यंत सडतं. मुळं आणि ओली माती मात्र प्लास्टिकमध्येच, कारण तिथे ओल टिकायला हवी. संत्र्याला डिंक्या किंवा ऱ्हास असेल तर झाडाच्या घेराच्या कडेखालची तंतुमय मुळं आणि त्यांना लागलेली पाव किलो माती आणा. डिंक्याचा रोगकारक फायटोफ्थोरा तिथे सापडतो, खोडाच्या वाळलेल्या सालीत नाही. गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवलेला नमुना कामातून गेला समजा.

कीड असेल तर जिवंत आणा, डबीच्या झाकणाला भोकं पाडून, त्याच झाडाची पानं घालून. आणण्याआधी वावरातच थोडं तपासून पाहिलं तर प्राध्यापकांना पटकन उलगडा होतो. सोयाबीनचं खोड उभं चिरा: आत लालसर नागमोडी पोकळी दिसली तर खोडमाशी. देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा आणि त्यावरचा भाग सुकलेला असेल तर चक्रभुंगा. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी वरून हिरव्यागार दिसणारी २० बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडा. दोन बोंडांत अळी सापडली म्हणजे १० टक्के प्रादुर्भाव, आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करायची वेळ, आलीच. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारा सापळा) सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग हाही तसाच इशारा. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखी झालेली डोमकळी दिसली तर ती तोडून नष्ट करा, अळी तिच्या आत असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर चालतं का? फोनवर औषध का सांगत नाहीत?

फोटो चालतो, पण एक नको, चार हवेत: लांबून सगळं वावर, एक पूर्ण झाड, बिघडलेला भाग जवळून, आणि पानाची खालची बाजू. पांढरी माशी, तुडतुडे, कोळी पानाच्या मागे बसतात. वरच्या फोटोत ते कधीच दिसत नाहीत.

औषध सांगण्यात हात आखडतो, त्याला कारण आहे. प्रत्येक कीटकनाशकाला कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी वापरायचं याची नोंदणी असते. त्याबाहेरची शिफारस प्राध्यापकाने करायची नसते. शिवाय दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय जीवावर बेतू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विदर्भ विसरलेला नाही. म्हणून "एकाच पंपात सगळं टाकू का" या प्रश्नाला इथून "नाही" असंच उत्तर येईल.

बुरशीनाशकांत एक गोष्ट घरी करता येते, ती विचारा, सगळे आनंदाने सांगतील: संत्र्याच्या खोडाला लावायची बोर्डो पेस्ट. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात. निवल्यावर दोन्ही एकत्र ओतत ढवळायचं. लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवा. पेस्ट ताजीच वापरायची, दुसऱ्या दिवशीवर ठेवायची नाही. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा.

अभ्यासक्रमात विषयापुढे "२+१" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

दोन क्रेडिट थिअरी, एक क्रेडिट प्रॅक्टिकल. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास. म्हणून २+१ चा विषय आठवड्याला चार तास घेतो. बारावीच्या सवयीने मुलं प्रॅक्टिकलकडे दुर्लक्ष करतात आणि नेमका तिथेच मार खातात. कीटकांचा संग्रह, तणांचा संग्रह, बियाण्यांचे नमुने हे सत्राच्या शेवटच्या आठवड्यात जमत नाही. ऑगस्टमधलं तण नोव्हेंबरमध्ये सापडत नाही.

कृषिदूत आणि कृषिकन्या कोण? त्यांच्यासोबत प्राध्यापक गावात राहतात का?

पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या ग्रामीण कार्यानुभव कार्यक्रमात विद्यार्थी गावात जातात, यजमान शेतकऱ्याबरोबर काम करतात. मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. देशभरच्या कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात याला औद्योगिक प्रशिक्षणासह २० क्रेडिट होते. प्राध्यापक गावात मुक्कामाला नसतात. प्रत्येक गटाला कार्यक्रम अधिकारी नेमलेले असतात आणि ते भेटी देऊन प्रात्यक्षिकं आणि दैनंदिनी तपासतात.

यजमान शेतकऱ्यांना एक विनंती. मुलांना नुसतं चहापाणी देऊन फोटो काढू देऊ नका. डवरणीच्या (कोळपणीच्या) मागे चालायला लावा, बीजप्रक्रिया त्यांच्या हातून करून घ्या, आठवड्याचा मजुरीचा हिशेब त्यांना लिहायला सांगा. चार वर्षांच्या पुस्तकांपेक्षा त्या हिशेबाच्या पानातून त्यांना जास्त कळतं.

एम.एस्सी.ला गाईड कसा निवडावा?

निवड पूर्णपणे विद्यार्थ्याच्या हातात नसते. विभागात प्रत्येक गाईडकडे किती जागा आहेत यावर वाटप ठरतं. पण पसंती विचारली जाते, तेव्हा तीन गोष्टी बघा. त्यांच्याकडे चालू संशोधन प्रकल्प आहे का, म्हणजे प्लॉट, मजूर, रसायनं यांची सोय होईल. निवृत्तीला किती वर्षं उरली आहेत. आणि ते सध्याच्या जागी किती वर्षं आहेत, कारण बदलीचा हुकूम तुमच्या दुसऱ्या हंगामाच्या मध्यात आला, तर फोनवरून प्रबंध लिहावा लागतो. नाव मोठं असण्यापेक्षा सर आठवड्यातून एकदा प्लॉटवर येतात का, हे वरच्या वर्षाच्या मुलांना विचारा.

सल्लागार समितीत एम.एस्सी.साठी निदान तीन आणि पीएच.डी.साठी निदान चार सदस्य असतात. २०२१ पासूनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एम.एस्सी.चे एकूण ७० क्रेडिट असून त्यातले ३० प्रबंधाचे, पीएच.डी.च्या १०० पैकी ७५ प्रबंधाचे. म्हणजे प्लॉट बिघडला की पदवीच अडली. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा नियोजित आराखडा, पहिल्या सत्रातच मंजूर करून घ्या, कारण पेरणीची तारीख कोणासाठी थांबत नाही.

प्रबंधाचा प्रयोग नेमका कुठे बिघडतो?

हा प्रश्न विचारणारे कमी आणि नंतर पस्तावणारे जास्त, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली चूक आराखड्यात. यादृच्छिक गट आराखड्यात (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) त्रुटीचे स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) निदान १२ असावेत, असा रिवाज आहे. उपचार म्हणजे तुलनेला घेतलेले पर्याय, जसं खताची मात्रा, आणि पुनरावृत्ती म्हणजे ते सगळे पर्याय किती वेळा पेरले. सूत्र सोपं: पुनरावृत्त्यांतून एक वजा, गुणिले उपचारांतून एक वजा. सात उपचार आणि तीन पुनरावृत्त्या घेतल्या तर २ × ६ = १२, जेमतेम बसतं. पाचच उपचार असतील तर तीन पुनरावृत्त्यांत फक्त ८ येतात. तिथे चार पुनरावृत्त्या घ्याव्याच लागतात. हे पेरणीनंतर लक्षात आलं तर उपाय नाही. गट पाडताना उताराची दिशा बघा. प्रत्येक गट उताराला आडवा, म्हणजे एका गटातले सगळे वाफे सारख्याच जमिनीत.

दुसरी चूक निव्वळ वाफ्याची, म्हणजे कडा सोडून ज्यातलं उत्पन्न मोजतात त्या भागाची. समजा सोयाबीन ४५ सेंटीमीटरवर, आठ ओळी, ५ मीटर लांब. एकूण वाफा ३.६ × ५ म्हणजे १८ चौरस मीटर. दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडला की निव्वळ वाफा २.७ × ४ म्हणजे १०.८ चौरस मीटर. त्यातून २.२ किलो दाणा आला तर हेक्टरी सुमारे २०.४ क्विंटल. घाईत भागाकार १८ ने केला की तेच उत्पन्न १२.२ क्विंटल दिसतं. आणि वजन करताना वाफ्यामागे १०० ग्रॅमची चूक झाली तर हेक्टरी जवळपास ९३ किलोचा फरक पडतो. दोन उपचारांमधला खरा फरक कधीकधी तेवढाच असतो.

तिसरी चूक मळणीची, आणि ती सगळ्यात दुखते. गठ्ठ्यावर कागदाची चिठ्ठी लावली, रात्री पाऊस आला, शाई धुवून गेली. चिठ्ठी पत्र्याची किंवा प्लास्टिकची, पेन्सिलने लिहिलेली, एक गठ्ठ्याच्या आत आणि एक बाहेर. एका वाफ्याची मळणी झाल्यावर ताडपत्री झटकूनच दुसरा गठ्ठा घ्या. निरीक्षणासाठी प्रत्येक निव्वळ वाफ्यातली पाच झाडं खूण बांधून ठेवतात. ती पहिल्या दिवशीच निवडा आणि नंतर "हे जरा बारीक आहे" म्हणून बदलू नका. चांगली झाडं निवडून आणलेले आकडे विश्लेषणात लगेच उघडे पडतात.

नोंदी शेतातच वहीत, शाईने नव्हे पेन्सिलने, आणि त्याच संध्याकाळी फोटो काढून ठेवा.

सहायक प्राध्यापक व्हायचं आहे. पात्रता काय?

संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी, ५५ टक्के किंवा त्याच्या बरोबरीची श्रेणी (मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना सवलत असते), आणि नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत नियमानुसार पीएच.डी. झालेल्यांना नेटमधून सूट आहे. पण शेवटचा शब्द जाहिरातीचा. ती ओळ न् ओळ वाचा. शेतीच्या विषयांसाठी नेट म्हणजे कृषी वैज्ञानिक चयन मंडळाची परीक्षा. तिची विद्याशाखा आणि जाहिरातीतल्या पदाची विद्याशाखा जुळली पाहिजे. वनस्पतीशास्त्र विभागातल्या पदांसाठी पैदास, शरीरक्रिया, बियाणे तंत्रज्ञान असे वेगळे नेट असतात आणि इथेच अर्ज बाद होतात.

त्या परीक्षेत १५० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के म्हणजे ७५ गुण लागतात, इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांना ४५, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ४० टक्के. आता हिशेब बघा. १०० प्रश्न सोडवले, ८० बरोबर, २० चूक: ८० वजा ६.६७, म्हणजे ७३.३३. नापास. ९० सोडवले, ८० बरोबर, १० चूक: ७६.६७. पास. अंदाजाने ठोकलेली शेवटची दहा उत्तरंच बुडवतात.

मधल्या काळात कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर अनुभवाचं पत्र नेमणुकीच्या आणि कार्यमुक्तीच्या तारखांसह घ्या. यूजीसीच्या नियमात कंत्राटी सेवा मोजायची तर निवड रीतसर निवड समितीकडून झालेली आणि पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक एकूण पगारापेक्षा कमी नसावा, अशा अटी आहेत. तासिकेवरचा अनुभव बहुधा या अटीत बसत नाही, हे आधीच माहीत असावं. मुलाखतीच्या दिवशी कळलं की फार लागतं.

पगार आणि बढती?

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, सहयोगी प्राध्यापकाचं १,३१,४०० पासून, प्राध्यापकाचं १,४४,२०० पासून. महागाई व घरभाडे भत्ता वेगळा. यूजीसीच्या नियमांनुसार पहिली पायरी चढायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, नुसती पदव्युत्तर पदवी असेल तर सहा. सेवांतर्गत प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं ज्या महिन्यात मिळतात त्याच महिन्यात सेवापुस्तकात नोंदवून घ्यावीत.

महाराजबाग प्राणिसंग्रहालयाचा प्राध्यापकांशी काय संबंध?

प्राणिसंग्रहालय कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि कारभार महाविद्यालयाकडून चालतो. तिकीट, वेळा, प्राणी यांविषयी मात्र तिथल्याच कार्यालयात विचारा, विभागांत नाही.

विद्यापीठाचा नवा वाण यायला इतकी वर्षं का लागतात? आणि बियाणं प्राध्यापकांकडून मिळतं का?

संकर केल्यावर गुण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या लागतात. मग केंद्रावरच्या चाचण्या, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या, मग शेतकऱ्यांच्या वावरातल्या. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीपुढे, म्हणजे जॉइंट अ‍ॅग्रेस्कोपुढे, वाण मांडला जातो आणि तिथे आकडे कसून तपासतात. पुढे बियाणे कायदा १९६६ खाली अधिसूचना. दहा-बारा वर्षं सहज जातात.

पैदासकार बियाणं सोनेरी पिवळ्या टॅगचं, ते पायाभूत बियाणं तयार करणाऱ्यांसाठी असतं. थैलीभर मागून मिळत नाही. पायाभूत पांढऱ्या टॅगचं, प्रमाणित निळ्या टॅगचं. शेतकऱ्याने निळा टॅग मागावा, किंवा विद्यापीठाच्या विक्री केंद्रावर सत्यतादर्शक बियाणं (प्रमाणीकरण नसलेलं, लेबलवरच्या गुणांची हमी उत्पादकाने दिलेलं) हंगामाच्या आधी, मे महिन्यातच चौकशी करून घ्यावं. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सोयाबीनचे ७० पेक्षा कमी उगवले तर प्राध्यापकांना विचारल्याशिवाय पेरू नका. पिशवी खालच्या बाजूने उसवा, म्हणजे टॅग शाबूत राहतो. टॅग, पावती आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर तक्रारीच्या वेळी तालुका समिती हेच तीन पुरावे आधी मागते.